एका तबकातले

दर रविवारी संध्याकाळी आमचा सहा जणांचा फोन लागतो आणि दहा मिनिटांच्या आत वाद सुरू होतो. तबकाला तडा कुणी पाडला? अका म्हणतो, धाकट्याने. धाकटा म्हणतो, मी तेव्हा धड चालतही नव्हतो. मधल्या दोघी एकमेकींची नावं घेतात. अपा शपथेवर सांगते की बीबी लग्न होऊन घरात आली तेव्हाच ते तडकलेलं होतं. मी ते तबक पहिल्यांदा पाहिलं १९८७ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा तडा होता, आणि तो पुढे सरकू नये म्हणून त्यावर तांब्याच्या पट्टीचा टाका मारलेला होता. माझी साक्ष एवढीच. ओचा असती तर तिने एका वाक्यात निकाल दिला असता.

सहा जण म्हणजे ओचाची पाच मुलं आणि मी. मी वर्ध्याची. सोव्हिएत शिष्यवृत्तीवर ताजिकिस्तानात, दुशान्बेला शिकायला गेले आणि वसतिगृहात जिच्या शेजारची खाट मिळाली ती अपा. ताजिकमध्ये अपा म्हणजे मोठी बहीण, अका म्हणजे मोठा भाऊ, ओचा म्हणजे आई आणि बीबी म्हणजे आजी. आमच्या घरात अक्का ही मोठी बहीण असल्यामुळे एका मिशाळ माणसाला अका म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. आता वर्ध्यातल्या अक्काला हाक मारतानाही मला अपाच्या गावचा, कुलोबचा अका आठवतो.

परदेशी विद्यार्थ्यांना शहराबाहेर जायला परवानगीचा कागद लागायचा. तो मिळवून आम्ही बसने अपाच्या घरी निघालो. चोरमग्झाक घाट, नुरेकची वळणं, मग दंगाराचं उघडं माळरान, आणि त्यापलीकडे कुलोब. डोंगर त्या महिन्यात हिरवेगार होते, मधेच लाल फुलांची आख्खी उतरण. जूनपर्यंत हे सगळं करपून पिवळं होतं, असं अपा सांगत होती, आणि मी मनात म्हणत होते, म्हणजे आमच्यासारखंच.

त्यांच्या घराला ते हवली म्हणतात. भिंतीआड मोठं अंगण, कडेला तनूर, एक तुतीचं झाड आणि झाडाखाली लाकडी चौथरा. त्याला शब्द कत. त्यावर लांबट गाद्या, मधे जेवणाची चादर, दस्तरखान. मला हातपाय धुवायला सांगितलं, गादीवर बसवलं, आणि ओचाने दोन्ही हातांनी धरून ते तबक मधोमध आणून ठेवलं. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं, परातीएवढं, तेल पिऊन पिऊन काळंभोर झालेलं. आत पोळीसारखे फाडलेले तुकडे, त्यावर दाट पांढरा रस, परतलेला कांदा, कच्चा पातीचा कांदा, कोथिंबीर आणि जांभळ्या पानांचं रैहोन, म्हणजे आपल्या तुळशीची चुलतबहीण. वर कडकडीत तेल ओतलं, चर्र झालं, आणि जो वास उठला त्याने माझ्या घशात एकदम काहीतरी दाटून आलं. जवसाचं तेल! सात महिने मी घरापासून लांब होते. रशियन शिकले होते, बर्फ पाहिला होता, खानावळीतलं कोबीचं सूप प्यायले होते. पण आजीच्या चुलीपाशी कढवलेल्या जवसाच्या तेलाचा वास मला तिथे, आमू दर्याच्या खोऱ्यातल्या त्या अंगणात, मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

त्यांच्याकडे जवसाला झगीर म्हणतात. विदर्भातल्या माणसाला हे तेल समजावून सांगावं लागत नाही. कच्चं घेतलं तर उग्र लागतं, म्हणून धूर निघेपर्यंत तापवायचं, त्यात कांद्याची फोड टाकायची, ती काळी पडली की काढून टाकायची. बीबीच्या लहानपणी झगीरचं तेल जनावर जुंपलेल्या लाकडी घाण्यावर निघायचं. त्या घाण्याला जुवोज म्हणतात. माझ्या आजीनेही हेच सांगितलं होतं, तिच्या घाण्याला बैल होता.

त्या पदार्थाचं नाव कुरुतोब. कुरुत आणि ओब. ओब म्हणजे पाणी, आपल्या गुलाबातला, पंजाबातला 'आब'. कुरुत म्हणजे काय ते कळायला मात्र मला दुसऱ्या दिवशी गच्चीवर जावं लागलं.

ओचा चक्का लावत होती. शब्द हाच, चक्का. मी विचारलं, याला काय म्हणता? ती म्हणाली, चक्का. मला वाटलं, अपाने शिकवून ठेवलं असेल. तसं काही नव्हतं. कापडात बांधलेलं दही टांगून पाणी गाळतात आणि जे उरतं त्याला वर्ध्यात चक्का म्हणतात, कुलोबातही चक्का म्हणतात. आमच्याकडे त्यात साखर पडते नि श्रीखंड होतं. तिच्याकडे मीठ पडायचं. भरपूर मीठ घालून मळायचं, अक्रोडाएवढे गोळे वळायचे, फळ्यांवर नीट ओळीने मांडायचे आणि उन्हात ठेवून द्यायचे. वरून पांढरं होत जाणारं, दिवसागणिक आक्रसणारं ते वाळवण शेवटी दगडाइतकं टणक होतं. पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं. वसंतात गवत कोवळं असतं, गाई-मेंढ्यांना दूध भरपूर असतं. ते दूध हिवाळ्यापर्यंत नेण्याची ही युक्ती. फ्रीज, डबे, कारखाना काही नको. ऊन आणि मीठ पुरे.

वाळवणाला राखण लागते, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. आम्ही कुरडया राखल्या, पापड राखले, चिमण्या हाकलल्या. कुलोबच्या गच्चीवर मधल्या दोघी बहिणी हातात काठी घेऊन बसायच्या. आणि आम्ही जसा गव्हाचा चीक नि ओले पापड पळवायचो, तशा त्या अर्धवट वाळलेलं कुरुत पळवायच्या. बाहेरून कडक, आत मऊ, खारट-आंबट. चोरी उघडी पडू नये म्हणून उरलेले गोळे जरा लांब लांब सरकवून ठेवायच्या. ओचाला अर्थातच कळायचं. तिचा नियम ठरलेला होता: ओलं खाल्लं तर रागवायचं नाही, ते पोरांच्या तोंडचं, वाळलेल्याला हात लावला तर तो हिवाळ्यातल्या माणसाचा घास. या नियमावर पाचही जणांचं आजतागायत एकमत आहे, आणि त्यांचं एकमत होणाऱ्या गोष्टी फार नाहीत.

पुढची पाच वर्षं सुट्टी म्हणजे कुलोब. बीबी मला मीर सैयद अली हमदानींच्या मजारीवर घेऊन गेली. चौदाव्या शतकातला हा सूफी काश्मीरमध्ये राहिला, तिथे त्याला आजही फार मानतात, आणि त्याचं दफन झालं ते कुलोबला. बीबीच्या हिशेबी त्यामुळे तिचं गाव आणि माझा देश यांची सोयरीक जुनीच होती. शेजारणी राज कपूर नि मिथुनबद्दल विचारायच्या. बीबीला त्यात रस नव्हता. ती हमदानींचंच बोलायची.

मी स्वयंपाक शिकले तो ओचाच्या हाताखाली. कुरुत कोमट पाण्यात भिजत घालायचं. मग आतून खरबरीत असलेल्या मातीच्या भांड्यात ते तळहाताखाली धरून गोल गोल घासायचं, सहाणेवर खोड उगाळावं तसं, दुधासारखं पांढरं पाणी निघेपर्यंत. हात दुखून येतो. ते मंद आचेवर गरम करायचं, उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर कढीसारखं फाटतं. तिकडे फतीर: कणीक मळून पातळ लाटायची, लोणी किंवा मेंढीच्या शेपटाची चरबी फासायची, गुंडाळून वेटोळं करायचं, पुन्हा लाटायचं आणि तनूरच्या भिंतीला थापायचं. फाडलं की पदर सुटतात, आणि पदर सुटल्याशिवाय रस आत मुरत नाही. साधी रोटी घातली तर लगदा होतो. फतीर मात्र रस पिऊनही दाताखाली जाणवतं. सुरी लावायची नाही, हातानेच फाडायचं. त्यांच्याकडे भाकरीला सुरी लावणं, ती पालथी ठेवणं, तुकडा जमिनीवर पडू देणं, हे सगळं निषिद्ध. बरकत जाते. हाही शब्द मला नवा नव्हता.

तबकाभोवती बसायचं, उजव्या हाताने, आपल्यासमोरचं खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. पण ओचा तबकाखाली, एका कडेला, फतीरचा एक तुकडा घडी करून सरकवायची. तबक किंचित कलायचं आणि तेल एका बाजूला उतरायचं. कुणाच्या बाजूला, हे ती ठरवायची. परीक्षा असली की माझ्या बाजूला. धाकट्याला गोवर आला तेव्हा महिनाभर त्याच्या बाजूला. अका लष्करी सेवेतून परतला तेव्हा त्याच्या बाजूला इतकं तेल आलं की तो हसायला लागला. तोंडाने तिने कधी कुणाला 'आज तुझी काळजी वाटते' असं म्हटलेलं मला आठवत नाही.

ताजिकिस्तानचं नाव काढलं की लोक ओशी पलोवबद्दल बोलतात. तांदूळ, मटण आणि गाजर. गाजराला तिथे सब्झी म्हणतात. लग्नात, सुन्नतीत, मृत्यूनंतर, सगळीकडे पलोव. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि ते योग्यच झालं. पण पलोव ही पाहुण्यांची आणि समारंभाची गोष्ट, त्याची मोठी कढई पुरुष सांभाळतात. कुरुतोब हा दक्षिणेतल्या घरांचा, बायकांच्या हातचा, मटण नसलेल्या दिवसाचा घास. पलोव खाऊन माणसं सोयरी होतात. घरची होतात ती, मला विचाराल तर, कुरुतोबच्या तबकाशी.

१९९२ च्या एप्रिलमध्ये मी निघाले. दुशान्बेच्या दोन चौकांत सरकारच्या आणि विरोधकांच्या बाजूचे जमाव बसून होते. ओचाने कुलोबहून एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर कापडी पिशवी पाठवली होती. त्यात कुरुत. मी मॉस्कोमार्गे घरी पोहोचले आणि मे महिन्यात तिकडे यादवी सुरू झाली. पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत.

त्या पिशवीतलं निम्मं कुरुत मी पहिल्या वर्षात संपवलं. आईच्या पोळ्या, आमचंच जवसाचं तेल. आईला ते आवडलं, फक्त तिने वर लसणाची फोडणी मागितली. मग पत्रं येईनात तशी मी पिशवी बांधून पितळी डब्यात ठेवून दिली. लग्न झालं, तो डबा सासरी आला. सासूबाईंनी विचारलं, हे खडे कसले? मी सांगितलं, माझ्या बहिणीकडचं वाळवण. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि दर वर्षी माझ्या डब्याला स्वतःच्या हाताने ऊन दाखवलं.

२७ जून १९९७ ला मॉस्कोत शांतता करार झाला. अपाचं पत्र आलं ते त्यापुढच्या वर्षी. पाचही भावंडं होती. बीबी नव्हती.

त्या वर्षांबद्दल त्यांनी मला एकदम काही सांगितलं नाही. थोडं थोडं, वर्षानुवर्षं, आणि बरंचसं या रविवारच्या फोनवर. १९९२ च्या उन्हाळ्यात कुलोबकडे येणारे रस्ते बंद झाले. पीठ संपलं. आधी फतीर गेलं, मग नान गेला. मूठभर पीठ तेलात भाजून त्यात पाणी ओतलं की अतोला होतो, आपल्याकडच्या पातळ घाट्यासारखा; काही महिने तोच. वाळलेली तुती. डोंगरावरचा पाला. आणि कुरुत. रोज तीन गोळे, घासून, भरपूर पाण्यात. भाकरी नसलेलं कुरुतोब, म्हणजे निव्वळ कुरुताचं पाणी.

हे सगळं ओचा त्या तबकातच वाढायची. घरात वाट्या होत्या, कप होते, अतोला काही हाताने खायचा पदार्थ नाही. तरी तबकात ओतायचा आणि सगळ्यांनी चमचे घेऊन भोवती बसायचं. मधलीने एकदा वैतागून विचारलं होतं, वाट्यांत का नाही देत? ओचा म्हणाली, वाट्यांत वाढलं की कुणाला किती ते दिसतं.

हे मधलीने सांगितलं तेव्हा फोनवर कुणीच बोललं नाही. थोड्या वेळाने मधल्या दोघींतल्या धाकटीने भर घातली. ती तेव्हा बारा वर्षांची होती, ओचाच्या शेजारी बसायची. तिला दिसायचं की ओचाचा चमचा तबकात जातो, तळ खरडतो, आवाज होतो आणि तसाच वर येतो. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगत होती. अका उठून कॅमेऱ्यासमोरून निघून गेला.

तडा त्याच हिवाळ्यात पुढे सरकला, असं आता सगळ्यांचं मत आहे. तेल नव्हतं, लाकूड कोरडं पडलं.

नंतर पीठ आलं, पण कामं आली नाहीत. धाकटा २००५ मध्ये रशियाला गेला, येकातेरिनबर्गला, बांधकामावर. त्या पिढीत प्रत्येक घरातला कुणीतरी गेला. २०१३ च्या सुमारास बाहेर गेलेल्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त होता. आकडा असा, आणि घरात त्याचा अर्थ असा की भिंतीवर खिळ्याला नान टांगलेला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने उंबऱ्यापाशी नानचा एक घास तोडून खायचा आणि बाकीचा घरात टांगून ठेवायचा. तो परत येऊन उरलेला नान खाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्याचं अन्न घरात शिल्लक आहे, तोवर त्याला परतावंच लागेल.

धाकटा पहिल्यांदा अडीच वर्षांनी आला. नान लाकडासारखा झालेला. तो दाताने फुटेना. ओचाने त्याचे तुकडे केले, तबकात टाकले, वर कढत कुरुत ओतलं आणि तबक झाकून ठेवलं. सगळी आळी जमली होती; अर्धा तास कुणी घास घेतला नाही, नान भिजायची वाट पाहत बसले. अपाने मला फोन लावला, त्या काळी तो महाग पडायचा, आणि ठेवूनच दिला दस्तरखानाशेजारी. मी वर्ध्यात बसून बोलणी ऐकत होते, कुणीतरी तेल ओतल्याचा आवाज ऐकत होते.

मी परत गेले २०१५ मध्ये. दुशान्बेत कुरुतोब विकणारी उपाहारगृहं ठिकठिकाणी झाली होती. तरुण मुलं घोळक्याने येतात, एका लाकडी भांड्याभोवती बसतात. वर मटणाचे तुकडे घालून मिळतं, सूर्यफुलाचं तेल असतं. चव वाईट नाही, आणि भांडं एकच असतं, ही गोष्ट मला मोठी वाटते. पण जवसाचा वास नसला की ते माझ्यासाठी निम्मंच राहतं. ओचाला सांगितलं तर ती म्हणाली, पोरांना मटण मिळतंय ना, खाऊ दे.

तिच्या हातांनी आता कुरुत घासवत नव्हतं. मी घासलं. तिने तबकाखाली फतीरचा तुकडा सरकवला आणि कुणाच्या बाजूला तेल जातंय ते पाहत बसली. माझ्या बाजूला आलं. अठ्ठेचाळीस वर्षांची होते मी, माझ्या मुलाचं कॉलेज सुरू होतं.

२०१९ मध्ये ती गेली. तबक अकाकडे आहे, कुलोबला, त्याच हवलीत. बाकीचे पांगले: अपा दुशान्बेत, एक बहीण खुजंदला, एक मॉस्कोजवळ, धाकटा अजून येकातेरिनबर्गमध्ये, आता बायको-मुलांसह.

मी दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरुत घालते. वर्ध्याचं ऊन त्यासाठी कुलोबपेक्षाही उत्तम. तिथे जे आठवडाभर लागतं ते इथे चार दिवसांत होतं. कुरडयांच्या शेजारी एक फळी असते. यंदा राखणीला नात होती, सहा वर्षांची, डोक्यावर माझी ओढणी आणि हातात लाटणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फळी उचलायला गेले तर गोळे फार ऐसपैस मांडलेले दिसले. मोजले. बावन्न घातले होते, त्रेचाळीस होते. नात कठड्याकडे तोंड करून उभी होती, ओठांच्या कोपऱ्यात पांढरं.

रविवारी फोनवर सांगितलं. पाचही जण एकदम बोलायला लागले, कुणाचंच ऐकू येईना. मग अपाने सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, ओलं होतं की वाळलेलं?

ओलं, मी म्हटलं.

"मग रागवू नकोस."